शनिवारी गणपती, सोमवारी गणित

अमेरिकेतल्या मराठी माणसाला विचारा की तुमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव कुठे असतो. पुष्कळदा उत्तर येतं, 'अमक्या हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये.' सोयीचा शनिवार गाठून गणपती बसतो. पार्किंगच्या जागेत ढोलताशा, रंगमंचावर मखर, कॅफेटेरियात जेवणाची रांग. कापूर लावायचा म्हटलं की फायर अलार्मची धास्ती. संध्याकाळी झाडलोट करून किल्ल्या परत द्यायच्या. हे हायस्कूल बहुतेक वेळा सरकारी असतं.

आता समजा, त्याच इमारतीत सोमवारी पहिल्या तासाला गणिताच्या मराठी बाईंनी वर्गाला सांगितलं, 'उभे राहा, हात जोडा, आरती म्हणू या.' दुपारपर्यंत त्यांना मुख्याध्यापकांचं बोलावणं येईल आणि काही दिवसांत एखाद्या पालकाच्या वकिलाचं पत्र.

इमारत तीच, देव तोच, कदाचित बाईही त्याच. मग शनिवारचं चालतं आणि सोमवारचं का चालत नाही? या एका प्रश्नाला नीट उत्तर देता आलं, तर अमेरिकेत 'चर्च आणि सरकार वेगळं' म्हणतात ते बरंचसं कळलं असं समजावं. उत्तर सोपं वाटतं, पण सोपं नाही. २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात मोठा बदल केला आणि तेव्हापासून वकीलसुद्धा जपून बोलायला लागलेत.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' अशी पाटी दिसली की ती महागडी खासगी शाळा असणार हे आपण धरून चालतो. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे खरोखरच लोकांच्या पैशावर चालणारी, फी नसलेली सरकारी शाळा. सुमारे ५ कोटी मुलं या शाळांत शिकतात. खासगी कॅथलिक शाळेने रोज सकाळी प्रार्थना घेतली तर कुणी विचारत नाही. वाद आहे तो फक्त सरकारी शाळेचा, आणि त्यातही शिक्षकाचा सगळ्यात जास्त.

का, ते समजायला १७९१ साली जावं लागतं. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती त्या वर्षीची. धर्माबद्दल तिच्यात एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करणारा कायदा करू नये, आणि कुणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवू नये. त्यापुढे लगेच भाषणस्वातंत्र्य येतं. सामान्य नागरिकाच्या बाबतीत या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. सरकारी शिक्षकाच्या बाबतीत मात्र येतात, आणि ग्यानबाची मेख इथेच आहे. तो वर्गात उभा राहून बोलतो तेव्हा सरकार बोलत असतं, आणि त्याच वेळी तो स्वतःचा धर्म असलेला एक माणूसही असतो. सरकारने प्रार्थना घ्यायची नाही, माणसाला प्रार्थनेपासून अडवायचं नाही. मग वर्गात उभा असलेला हा कोण, सरकार की माणूस?

'चर्च आणि सरकार यांच्यामधली भिंत' हे शब्द घटनेत आहेत असं अनेकांना वाटतं. ते तिथे नाहीत. कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावच्या बाप्टिस्ट मंडळींना राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी एक पत्र लिहिलं, त्यातले ते शब्द. लक्षात घ्या, भिंतीचं आश्वासन हवं होतं ते नास्तिकांना नव्हे, भाविकांना. कनेटिकटमध्ये दुसऱ्या पंथाच्या चर्चला राजाश्रय होता आणि बाप्टिस्ट तिथे अल्पसंख्य होते. सरकारी देव आपला नसला की भिंत आवडायला लागते.

ही दुरुस्ती सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला लागू होती. राज्यांना मोकळं रान होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १८३३ पर्यंत चर्चसाठी कराचा पैसा वापरला जाई. यादवी युद्धानंतर, १८६८ साली, चौदावी दुरुस्ती आली आणि तिच्या आधारे विसाव्या शतकात न्यायालयांनी नागरिकांचे मूलभूत हक्क राज्यांवरही बंधनकारक केले. जेफरसनची भिंत शाळेच्या दारापर्यंत पोचली ती १९४७ साली, न्यू जर्सीच्या एका खटल्यात. मुलांना कॅथलिक शाळेत पाठवणाऱ्या पालकांना बसभाडं सरकारने परत द्यावं का, एवढाच वाद होता. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालात भिंत उंच आणि अभेद्य असली पाहिजे असं ठासून लिहिलं, आणि त्याच निकालात बसभाडं द्यायला हरकत नाही असंही सांगून टाकलं. पाच विरुद्ध चार मतांनी. उंच भिंत बांधायची आणि पहिल्याच दिवशी तिला खिडकी ठेवायची, हे तेव्हापासून चालत आलंय.

मधला एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो नसला तर हे सगळं वकिलांचं शब्दांचं भांडण वाटेल. १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली झाल्या. शाळेत बायबल वाचायचं की नाही हा मुद्दा नव्हता, कोणतं बायबल हा होता. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांची किंग जेम्स प्रत वाचली जाई. कॅथलिकांचं म्हणणं, आमच्या मुलांना आमची प्रत वाचू द्या. वातावरण आधीच आयरिश स्थलांतरितांविरुद्ध तापलेलं होतं, त्यात ही ठिणगी पडली. चर्च जाळली गेली, माणसं मेली. दोन्हीकडचे लोक येशूलाच मानणारे. 'थोडीशी प्रार्थना शाळेत असली तर बिघडलं कुठे' असं कुणी म्हटलं की मला ही दंगल आठवते. 'कुणाची प्रार्थना' हे ठरवायला बसलं की लगेच बिघडतं.

न्यूयॉर्क राज्याने यावर एक शहाणपणाचा तोडगा काढला असं त्यांना वाटलं. कुठल्याच पंथाची नाही अशी २२ शब्दांची प्रार्थना शिक्षण मंडळानेच तयार केली. आशय असा: हे सर्वशक्तिमान देवा, आम्ही तुझ्यावर विसंबून आहोत, आमच्यावर, आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर तुझी कृपा राहो. येशूचं नाव नाही, क्रूस नाही. शिवाय सक्ती नाही. ज्याला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावं किंवा वर्गाबाहेर जावं. काही पालक कोर्टात गेले. २५ जून १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी ही प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. कुठलीही प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नाही, असं न्यायमूर्ती ब्लॅक यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी रोजच्या बायबल वाचनावरही बंदी आली.

परिपाठाला रोज हात जोडून उभे राहिलेले आपण. आपल्याला हे जरा अतीच वाटू शकतं. ज्याला नको त्याने बाहेर जावं, यात सक्ती कसली? पण सात वर्षांच्या पोराला सगळ्या वर्गासमोर उठून दाराबाहेर उभं राहायला सांगा. आपल्याकडे वर्गाबाहेर उभं करणं ही शिक्षा असते. १९९२ साली ऱ्होड आयलंडच्या एका शाळेचा खटला आला. तिथे पदवीदान समारंभात एका ज्यू धर्मगुरूला प्रार्थनेसाठी बोलावलं होतं. समारंभाला येणं मुलांना बंधनकारकही नव्हतं. तरी न्यायालय म्हणालं की, सगळे मान खाली घालून उभे असताना एकट्या मुलावर येणारं दडपण हीसुद्धा सक्तीच. २००० साली टेक्सासमधल्या फुटबॉल सामन्याआधी लाउडस्पीकरवरून विद्यार्थ्याने म्हटलेली प्रार्थनाही याच कारणाने गेली. माइक शाळेचा, मैदान शाळेचं, कार्यक्रम शाळेचा. मग आवाज मुलाचा असला तरी बोलतंय कोण, हे उघड होतं.

याचा अर्थ सरकारी शाळेत देवाचं नाव काढायचं नाही असा मुळीच नाही. हा गैरसमज तिथेही सर्रास आहे आणि निवडणुकीत तो चांगला खपतो. मूल जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करू शकतं, मधल्या सुट्टीत कुराण वाचू शकतं, निबंधात कृष्णावर लिहू शकतं. १९८४ च्या एका केंद्रीय कायद्याने माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या धार्मिक मंडळांनाही बुद्धिबळ मंडळाइतकीच जागा मिळते. इतिहासाच्या बाई मुलांना इस्लाम, बौद्ध धर्म, सुधारणावादी ख्रिस्ती चळवळ, सगळं शिकवू शकतात, शिकवायलाच हवं. धर्माबद्दल शिकवणं आणि धर्म शिकवणं यातला फरक तेवढा पाळायचा.

शिक्षकाचं मात्र अवघड आहे. मुलांना आणि शिक्षकांना शाळेच्या दारात आपले हक्क काढून ठेवावे लागत नाहीत, हे न्यायालयाने १९६९ साली सांगितलं. पण २००६ साली दुसऱ्या एका खटल्यात असंही सांगितलं की सरकारी नोकर कामाचा भाग म्हणून जे बोलतो ते त्याचं स्वतःचं बोलणं नव्हे, मालकाचं. या दोन निकालांच्या मध्ये शिक्षक उभा. कोलोरॅडोतल्या पाचवीच्या एका शिक्षकाची गोष्ट घ्या. वर्ग शांतपणे अवांतर वाचन करत असताना तो स्वतःही बायबल वाचत बसे. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. मुख्याध्यापिकेने सांगितलं, वर्गाच्या वेळेत ते टेबलावर नको. तो कोर्टात गेला आणि १९९० साली अपिलात हरला. मला विचाराल तर इथे शाळा जरा जास्तच घाबरली. पण दहा वर्षांचं मूल आपल्या सरांच्या टेबलाकडे कसं बघतं, हेही खरंच.

कपड्यांचा प्रश्न याहून गमतीचा, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला गमतीचा. पेनसिल्व्हेनियात १८९५ पासून शिक्षकांना धार्मिक पोशाख घालायला कायद्याने बंदी होती. कारण धर्मनिरपेक्षता असं सांगायचे, खरा रोख सरकारी शाळांत शिकवणाऱ्या कॅथलिक नन्सवर. ओरेगनने १९२३ साली तसाच कायदा केला. तेव्हा तिथे कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा जोर होता आणि क्लानला कॅथलिकांचं वावडं. साठ वर्षांनी या कायद्याचा फटका बसला कुणाला? युजीन शहरातल्या एका शिक्षिकेला. तिने शीख धर्म स्वीकारला होता आणि ती पगडी बांधून वर्गात येऊ लागली होती. तिचा शिकवण्याचा परवाना गेला आणि १९८६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. शीख संघटनांनी पाठपुरावा केल्यावर २०१० साली ओरेगनने कायदा रद्द केला. पेनसिल्व्हेनियाने तर थेट २०२३ साली. आज कुठल्याही राज्यात असा कायदा नाही. कुंकू लावून, मंगळसूत्र घालून, हिजाब घेऊन किंवा गळ्यात क्रूस अडकवून शिकवता येतं. गळ्यात आहे ते शिक्षकाचं, भिंतीवर लावलं तर शाळेचं, असा साधारण हिशेब.

एवढं होईपर्यंत चित्र बऱ्यापैकी स्थिर होतं. मग ब्रेमर्टन आलं.

ब्रेमर्टन हे वॉशिंग्टन राज्यातलं, सिएटलहून फेरीबोटीने जाता येईल असं नौदलाच्या गोदीचं गाव. तिथल्या सरकारी हायस्कूलमध्ये जोसेफ केनेडी नावाचे माजी मरीन सैनिक २००८ पासून अमेरिकन फुटबॉलचे (हेल्मेट घालून खेळतात तो) सहायक प्रशिक्षक होते. सामना संपला की ते मैदानाच्या मध्यरेषेवर, ५० यार्डांच्या खुणेपाशी, गुडघा टेकून देवाचे आभार मानत. सुरुवातीला एकटेच. मग काही खेळाडूंनी विचारलं, आम्ही येऊ का? हा स्वतंत्र देश आहे, हवं ते करा, असं त्यांनी सांगितलं. हळूहळू बराचसा संघ भोवती जमू लागला. केनेडी हेल्मेट उंच धरून प्रेरणादायी भाषण करू लागले आणि त्यात देवाचा उल्लेख येऊ लागला. शाळेला अनेक वर्षं पत्ताच नव्हता. २०१५ साली कळला तोही तक्रारीतून नाही, दुसऱ्या शाळेच्या माणसाने कौतुकाने सांगितलं म्हणून.

शाळा प्रशासनाने पत्र दिलं: मुलांना घेऊन प्रार्थना नको, तुमची वैयक्तिक प्रार्थना करा, पण ड्यूटीवर असताना मुलांना ती शाळेची वाटेल अशी नको. पुढे आतली खासगी जागाही देऊ केली. केनेडींनी काही काळ ऐकलं, मग वकिलामार्फत कळवलं की १६ ऑक्टोबरच्या सामन्यानंतर मी पुन्हा मध्यरेषेवर गुडघा टेकणार. तोवर बातमी देशभर गेली होती. त्या संध्याकाळी लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात घुसले आणि बँडमधली काही मुलं त्या लोंढ्यात खाली पडली. पुढे सेटॅनिक टेंपल नावाच्या संघटनेचे लोकही काळे झगे घालून आले आणि आम्हालाही मैदानावर प्रार्थना करायची आहे म्हणाले. हा टोमणा होता, पण बिनतोड. मैदान एकाच्या देवाला खुलं झालं तर दुसऱ्याच्या सैतानाला कसं अडवणार? १६ ऑक्टोबरनंतर आणखी दोन सामने झाल्यावर केनेडींना पगारी रजेवर पाठवलं गेलं होतं. पुढच्या हंगामासाठी त्यांनी अर्ज केला नाही, खटला मात्र केला.

खालच्या न्यायालयांत ते हरत गेले. २७ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

हा निकाल वाचताना एक विलक्षण गोष्ट जाणवते. बहुमताचा निकाल आणि विरोधी मत वाचलं की हे दोन वेगळ्या सामन्यांबद्दल बोलताहेत असं वाटतं. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांच्या निकालात एक माणूस सामना संपल्यावर, खेळाडू दुसरीकडे गुंतलेले असताना, थोडा वेळ शांतपणे स्वतःची प्रार्थना करतोय. इतर प्रशिक्षक तेवढ्याच वेळात फोन पाहू शकत होते, मित्रांशी बोलू शकत होते. मग याला देवाशी बोलायला बंदी का? म्हणून ही प्रार्थना केनेडींची स्वतःची, शाळेची नव्हे. गॉर्सच यांनी फक्त शेवटचे तीन सामने पाहिले, आधीची वर्षं बाजूला ठेवली. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांनी विरोधी मतात छायाचित्रंच छापली. मध्यभागी केनेडी, हातात उंच धरलेली हेल्मेटं, भोवती गुडघे टेकलेली मुलं. त्यांचं म्हणणं, याला खासगी आणि शांत प्रार्थना म्हणणं म्हणजे वस्तुस्थितीचा विपर्यास.

प्रशिक्षकाच्या हातात काय असतं, हे ज्याने शाळेच्या संघातून कबड्डी किंवा क्रिकेट खेळलंय त्याला सांगायला नको. कोण खेळणार आणि कोण राखीव बसणार. एका खेळाडूच्या वडिलांनी शाळेला सांगितलं होतं की त्यांचा मुलगा नास्तिक आहे, तरी तो प्रार्थनेत सामील होई, कारण नाही झालो तर खेळायला कमी मिळेल अशी त्याला भीती होती. केनेडींनी तशी धमकी दिली होती असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. बहुमताने याच आधारावर सक्तीचा पुरावा नाही असं म्हटलं. माझं मत विचाराल तर इथे बहुमताची नजर कमी पडली. मैदानावर सक्ती बोलून दाखवावी लागत नाही. पण दुसरी बाजूही सांगतो: शाळेने आपल्या पत्रांत जे कारण दिलं, की धर्माला पाठिंबा दिल्यासारखं दिसेल, ते फार सैल होतं. मुलांवरच्या दडपणाचा मुद्दा त्यांनी पहिल्या दिवसापासून ठामपणे मांडला असता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

निकालाने आणखी एक मोठं काम केलं. १९७१ पासून न्यायालयं एक तीनपदरी कसोटी वापरत होती. ती 'लेमन' कसोटी म्हणून ओळखली जायची. फिर्यादीचं आडनाव लेमन, लिंबाशी काही संबंध नाही. सरकारच्या कृतीमागचा हेतू ऐहिक आहे का? तिचा मुख्य परिणाम धर्माला बढावा देणारा किंवा दाबणारा आहे का? सरकार आणि धर्म यांची नको इतकी गुंतागुंत होते का? ही कसोटी कुणालाच फार आवडत नव्हती. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी तिला भयपटातल्या, पुरूनही पुन्हा उठणाऱ्या पिशाच्चाची उपमा दिली होती. २०२२ साली ती खरोखरच गाडली गेली. तिच्या जागी आलं 'इतिहास आणि परंपरा काय सांगतात ते पाहा.' हे ऐकायला भारदस्त वाटतं. पण १७९१ साली सरकारी शाळा आजच्या अर्थाने जवळपास नव्हत्याच, तर तिथे प्रार्थनेची परंपरा शोधायची कुठे?

या धूसरपणातून पुढचे खटले निघताहेत. लुइझियानाने २०२४ साली कायदा केला की प्रत्येक सरकारी वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा भिंतीवर हव्यात, किमान ११ बाय १४ इंचांच्या. टेक्सासने २०२५ साली १६ बाय २० इंचांच्या मागितल्या. केंटकीचा असाच कायदा १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता, तरीही. दोन्ही कायदे लगेच कोर्टात गेले. केनेडींच्या निकालाने एका माणसाला गुडघा टेकू दिला होता. भिंत तर शाळेचीच असते. पण राजकारण असा बारीक फरक करत बसत नाही.

आपल्या लोकांना वाटतं की हा ख्रिस्ती लोकांचा आपसातला मामला. तसं नाही. न्यू जर्सीच्या पाच सरकारी हायस्कूलांत १९७५-७६ च्या सुमारास महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाचा अभ्यासक्रम चालू होता. विज्ञान म्हणून. मंत्र मिळण्याआधी मुलांनी फळं, फुलं आणि पांढरा रुमाल घेऊन यायचं आणि शिक्षक संस्कृतात गुरुपूजा म्हणणार. पालक कोर्टात गेले. ही पूजा नव्हेच, फक्त कृतज्ञता, असा बचाव झाला. १९७९ साली अपील न्यायालयाने सांगितलं, हा धर्मच आहे, शाळेत नको. आपल्यापैकी कुणालाही दारातून आत डोकावून सांगता आलं असतं की ही पूजा आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

योगासनांचं उलट झालं. कॅलिफोर्नियात एन्सिनिटासच्या शाळांमधला योग २०१५ साली अपील न्यायालयाने चालवून घेतला, कारण वर्गात व्यायामापलीकडे काही नव्हतं. अलाबामाने मात्र १९९३ साली सरकारी शाळांतून योग हद्दपार केला होता. २०२१ साली परवानगी दिली ती अटींवर: आसनांची नावं इंग्रजीतच घ्यायची, मंत्र नाही, मुद्रा नाही, आणि 'नमस्ते' म्हणायचं नाही. पालकांची लेखी संमतीही हवी. नमस्ते म्हटल्याने कुणी हिंदू होतो हे मला अजून कळायचंय. पण अलाबामातल्या बाप्टिस्ट आईच्या जागी बसून पाहिलं तर तिची धास्ती आणि टेक्सासमधल्या मराठी आईची दहा आज्ञांबद्दलची धास्ती एकाच जातीची आहे.

दिवाळीच्या सुट्टीचं काय? न्यूयॉर्क शहराच्या शाळांसाठी २०२३ साली कायदा झाला. हा धर्माला सरकारी पाठिंबा नव्हे का? कुठल्या दिवशी पुष्कळ मुलं गैरहजर राहणार असतील तर शाळा बंद ठेवणं हा व्यवहार, असं त्याचं उत्तर. वर्गात पणती दाखवून दिवाळी म्हणजे काय ते सांगणं चालतं. लक्ष्मीपूजन करायला लावणं चालत नाही.

आता शनिवारचा गणपती. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेने संध्याकाळी बाहेरच्या संस्थांना सभागृह द्यायचं, पण चर्चला कुटुंबजीवनावरचा चित्रपट दाखवायला नाही द्यायचं, असं ठरवलं. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाचे नऊही न्यायमूर्ती शाळेच्या विरोधात गेले. जागा सगळ्यांना देताय, तर विषय धार्मिक आहे म्हणून एकालाच नाकारता येणार नाही. पिशाच्चाची उपमा स्कॅलियांनी दिली ती याच खटल्यात. २००१ साली ही गोष्ट आणखी पक्की झाली. त्यामुळे नाट्यमंडळ, स्काउट आणि टॅक्सचं मार्गदर्शन करणारे ज्या भाड्याने हॉल घेतात, त्याच भाड्याने गणपतीही घेतो. वेळ शाळेबाहेरची, पैसे मंडळाचे, आणि आरतीला न थांबणाऱ्या माणसाचा गणिताचा मार्क कापला जाण्याची शक्यता शून्य.

आपल्याकडची घटना वेगळ्या वाटेने जाते. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असं अनुच्छेद २८ सांगतो. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत स्वतःच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, असंही. भिंतीचा उल्लेख नाही. बाजूला उभं राहायची मुभा मात्र आहे. ती मुभा कागदावरून खाली उतरवायला नाशिकच्या एका शिक्षकाला कोर्टात जावं लागलं. शाळेच्या प्रार्थनेला ते सगळ्यांबरोबर उभे राहत, पण हात जोडत नसत. शाळेच्या लेखी ही बेशिस्त. त्यावरून वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हात जोडण्याची सक्ती करणं म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग.

ब्रेमर्टनच्या प्रशिक्षकाला गुडघा टेकायचा होता, नाशिकच्या शिक्षकाला हात जोडायचे नव्हते, आणि दोघंही जिंकले. केनेडी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका सामन्यापुरते मैदानावर परतले, शेवटी एकटेच गुडघा टेकून बसले आणि काही दिवसांत राजीनामा देऊन निघून गेले. शाळेला त्यांच्या वकिलांपोटी १७ लाख डॉलरहून जास्त द्यावे लागले. नाशिकच्या शिक्षकाकडे कोर्टाला दाखवायला अडवलेली वेतनश्रेणी होती. राखीव बसायला लागेल या भीतीने गुडघा टेकणाऱ्या त्या नास्तिक पोराकडे असलं काहीच नव्हतं. त्याचा उल्लेख आहे तो विरोधी मतात.